तिसऱ्या आठवड्यापर्यंत बिननावाची

जी गोष्ट अजून आलेली नाही, तिची किंमत आलेल्या गोष्टीपेक्षा नेहमीच जास्त असते. पुढच्या वर्षीची पगारवाढ, होणारा जावई, मंजूर झालेला रस्ता, यांच्यात आजवर कुणालाही खोट सापडलेली नाही. खोट सापडते ती गोष्ट दारात येऊन उभी राहिल्यावर. हे सत्य कळायला मोठमोठ्या देशांना शेअर बाजार काढावे लागले. शिरूर तालुक्याला ते एस.टी. स्टँडमागच्या एका सायबर कॅफेत, दोन कॉम्प्युटर आणि एक फळा एवढ्या सामग्रीवर कळलं. जिल्ह्याच्या कुठल्याही इतिहासात याची नोंद नाही.

कॅफे शलमोन सरांचा. आधी ते तिथंच टायपिंगचे क्लास घ्यायचे, म्हणून सर. २००२ च्या दिवाळीनंतर त्यांना इंटरनेटवर एक खेळ सापडला. परदेशातली शिकलीसवरलेली माणसं अजून न लागलेल्या चित्रपटांचे खोटे शेअर खोट्या पैशांनी घेतात आणि विकतात. चित्रपट लागला, गल्ला मोजला, की कोण जिंकलं ते ठरतं. सर सलग चाळीस मिनिटं खेळले. मग कुणाचातरी फोन आला आणि इंटरनेट गेलं (दोन्ही एकाच वायरीवर होतं). पण तोवर कल्पना वायरीतून बाहेर पडली होती.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर अक्षरं उमटली : ‘आगामी चित्रपट अंदाज मंडळ (नियोजित), शिरूर–दौंड विभाग’. कंसातला ‘नियोजित’ शेवटपर्यंत पुसला गेला नाही. तो पुसला असता तर मंडळ सुरू झालं असं झालं असतं, आणि सुरू झालेल्या मंडळाला कोण विचारतो?

सभासदांत सणसवाडीच्या कारखान्यात प्रेस मशीन चालवणारा संपत पहिल्या दहांत होता. त्याची बायको हर्षदा तेव्हा पाचव्या महिन्यात होती. “सिनेमा बगाया जाता व्हय?” तिनं विचारलं. “बगाया न्हाई गं, त्याचा अंदाज कराया,” संपत म्हणाला. रविवारी घरी न बसण्याचं हे कारण तिला नवीन होतं, पण दारू किंवा पत्त्यांपेक्षा बरं होतं. तिनं डबा भरून दिला.

सुरुवातीला प्रत्येक सभासदाला एक लाख खोटे रुपये मिळाले. दोन महिन्यांत असं निदर्शनास आलं, की खोटा रुपया बुडाला तर कुणाचीच झोप उडत नाही. संपतचे वडील, कवठे येमाईचे हनुमंत आबा, एका दुपारी नव्वद हजार घालवून शांतपणे भेळ खात बसले. खरे पैसे लावावेत तर तो जुगार, आणि पोलीस चौकी स्टँडाच्या तोंडालाच. तेव्हा सर्वानुमते नियम क्रमांक सात झाला : प्रत्येक सभासदाने आपला एखादा मान तारण ठेवावा.

मान म्हणजे ज्याचे पैसे मिळत नाहीत, पण जो दुसऱ्याला गेला तर माणूस जेवायचं सोडतो. कायद्यात त्याला जुगार म्हणत नाहीत. पहिल्या तिमाहीत तारण आलेल्या मानांत लग्नात वरबापाशेजारी फेटा बांधून घ्यायचे अकरा मान होते, जत्रेत शेवटची कुस्ती लावायचे दोन, आणि मयतीच्या घरी “चला आता, उशीर नको” असं पहिल्यांदा म्हणायचा एक. म्हस्कूच्या वडाप जीपमध्ये ड्रायव्हरच्या उजव्या अंगाला बसायचा मानही होता (डाव्या अंगाला चार जण बसतात, त्याला मान म्हणत नाहीत). झोप उडायला लागली. मंडळ भरभराटीला आलं.

सौदे व्हायचे ते टॉवेलाखाली. बाजारात मेंढराचा भाव जसा दोघांनी टॉवेल टाकून, आत एकमेकांची बोटं दाबून ठरवायचा, तसाच. मेंढरं जाऊन जमिनी येऊन दोन पिढ्या झाल्या होत्या, पण बोटं काही विसरली नव्हती. चित्रपटाची पारखही घरच्याच रीतीनं व्हायची. पोस्टर आलं की आबा चष्मा लावून, मेंढराचं वय दातांवरून पारखावं तसे, नायकाचे दात बघायचे. “दोनदाती हाय,” ते निकाल द्यायचे, “चार आठवडं मरत न्हाई.” नायक दात मिटून उभा असला, तर त्या चित्रपटाचे व्यवहार स्थगित ठेवण्यात येत.

पहिल्या वर्षी मंडळानं एकवीस चित्रपटांचे सौदे केले. सभासद : तीनशे अठ्ठ्याऐंशी. त्यांपैकी चित्रपट प्रत्यक्ष पाहिलेले : एक. (तोही चुकून. त्याला मुतारी हवी होती.) लागलेला चित्रपट बघणं म्हणजे विकलेल्या बोकडाच्या घरी जेवायला जाणं, असं सभासदांचं मत पडलं.

हर्षदा मंडळाची सभासद नव्हती. ती फक्त बाळंत झाली. मार्चमध्ये, मुलगी. तिची आई दोन वर्षांपूर्वी गेली होती, त्यामुळे बाळंतपण सासरी, कवठे येमाईलाच झालं. मुलीच्या डाव्या टाचेवर तिळाएवढा डाग होता, आणि झोपेत ती एकच भुवई उडवायची, जणू कुणी तिला न पटणारं काही सांगतंय. हर्षदा तासन् तास ती भुवई बघायची. तिच्या मनात सातव्या महिन्यापासून एक नाव होतं. ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. नाव ठेवणार आत्या. पण आत्याच्या कानाशी हळूच लागता येईल, एवढीच तिची योजना होती.

बाराव्या दिवशी पाळणा बांधला, घुगऱ्या शिजल्या, आळीतल्या बाया जमल्या. मुलीची आत्या, म्हणजे संपतची थोरली बहीण गिताबाई, खुटबावहून चौफुला, न्हावरा करत तीन जीपा बदलून आल्या. बाळाला पाळण्यात घातलं. गिताबाई जागच्या हलेनात.

“वन्सं, या की. बाया खोळंबल्यात,” हर्षदा म्हणाली. ओठांवर नाव तयार होतं.

“न्हाई गं सांगता यायचं नाव.”

“का? सुचलं न्हाई का?”

“सुचाया काय झालं? तारण हाय त्ये.” गिताबाईंनी पदर सावरला. “भाचीचं नाव ठिवायचा मान. ‘तुफान का तबादला’वर लावलाय. तिसऱ्या आठवड्यात पाच हजार तिकिटाच्या वर जाणार बग. तवर माझं त्वांड बांदल्यालं हाय.”

हर्षदानं संपतकडं बघितलं. संपतनं घुगऱ्यांकडं.

“आगं, डब्बल हुणार हाय,” तो म्हणाला.

“काय डब्बल हुणार? दोन नावं?”

“मान डब्बल. जिकलो तर आक्काला म्हस्कूच्या पोरीचं बी नाव ठिवाया मिळंल.”

“आन् हरलो तर?”

“तर म्हस्कू ठिवंल आपल्या पोरीचं. घरातलाच हाय की.”

“जीपवाला घरातला?”

“रोज त्याच्या मांडीवर बसून जातो मी कामाला,” संपत म्हणाला, आणि ते खरं होतं.

बायांनी पाळणा म्हटला. नावाची जागा आली की सगळ्या खोकल्या. बाळ झोपलं.

चित्रपट मेमध्ये लागायचा होता. मेमध्ये नायकाचा हात मोडला. जुलैत नायिकेचं ठरलेलं लग्न मोडलं. सप्टेंबरात निर्मात्याचं आणि वितरकाचं बोलणं मोडलं. प्रत्येक मोडण्यागणिक भाव चढत गेला, कारण चित्रपट जितका लांब तितका निर्दोष. चित्रपटाबरोबर तारण मानांचाही भाव चढला. नियम नऊनुसार तारण ठेवलेला मान निकालापर्यंत फळ्यावर विकता-घेता येतो. त्यामुळे मुलीचं नाव ठेवायचा मान गिताबाईंकडून आबांकडं, आबांकडून म्हस्कूकडं, तिथून वीटभट्टीवरच्या बन्सी मुकादमाकडं आणि एका दुपारी चुकून भेळवाल्याकडंही गेला.

ऑगस्टपर्यंत तो इतका महागला, की एकट्याला पेलवेना. शलमोन सरांनी त्याचे तीन हिस्से केले : पाळण्यातलं नाव, शाळेतलं नाव आणि लग्नानंतर बदलायचं नाव. तिसऱ्या हिश्शाचा भाव सगळ्यांत चढा, कारण तो सगळ्यांत लांबचा. तो सणसवाडीच्या एका रूममालकानं घेतला. त्याला मुलगा होता, अडीच वर्षांचा. घेतल्या दिवसापासून तो हर्षदाच्या मुलीकडं जरा बारकाईनं बघायला लागला.

हर्षदा एव्हाना मुलीला घेऊन, संपतनं कारखान्याजवळ नव्यानं घेतलेल्या सणसवाडीच्या खोलीवर आली होती. पत्र्याची खोली, दहा बाय दहा. ओळीत अशा नऊ, सगळ्या त्याच रूममालकाच्या. शेजारच्या बिहारी भाभीनं विचारलं, “बच्ची का नाम क्या रखा, बहन?” हर्षदा म्हणाली, “अभी बाजार में है.” भाभीला वाटलं, भाजीबद्दल बोलतेय. ती दोन वांगी देऊन गेली.

जन्मनोंदीत नावाच्या रकान्यात आडवी रेघ होती. डोसाच्या कार्डावर ‘बाळ संपत’ होतं. मंडळानं मात्र फळ्यावर सोयीसाठी ‘आगामी’ लिहिलं होतं, आणि संपतही तिला तेच म्हणायला लागला. “आगामी झोपली का? आगामीनं दूध काढलं का?”

संपत सेकंड शिफ्टला गेला की दुपार हर्षदाची असायची. ती मुलीला पायांवर घेऊन तेल लावायची. टाचेपासून सुरू करून टाळूपर्यंत, आणि परत टाचेवर यायची, कारण तो तीळ एकदा बघून भागायचं नाही. मुलगी तिचं बोट धरायची, अशी घट्ट, की जणू टॉवेलाखाली सौदा चाललाय आणि ही काही भाव सोडायला तयार नाही. नाव हर्षदाच्या जिभेवर यायचं. ती ते गिळायची. आत्याच्या आधी आईनं नाव घेतलं तर आत्याचा मान मोडतो. आणि मान मोडलेली नणंद तीन जीपा बदलून परत येत नाही. हर्षदाला माहेर उरलं नव्हतं. एक घर आणखी तोडणं तिला परवडणारं नव्हतं.

आठव्या महिन्यात एका सकाळी संपत दारातून ओरडला, “आगामी!” मुलीनं मान वळवली आणि हसली. दोन नवे दात दाखवून, आपल्याला हाक मारली हे ओळखून हसली. संपतला कौतुक वाटलं. हर्षदाच्या हातातली भाकरी तव्यावर करपून कोळसा झाली.

“आवो, तिला त्येच नाव वाटाया लागलं की!”

“वाटू दे. पिच्चर लागला की बदलू.”

“पोर म्हंजी काय फळा हाय व्हय, पुसाया?”

संपतनं करपलेली भाकरी तव्यावरून उतरवली. मग म्हणाला, “थोडीच कळ काड. पुढल्या म्हयन्यात लागतोय.”

आणि खरोखरच लागला. नोव्हेंबरात, शिरूरच्या टॉकीजमध्ये, रोज चार खेळ. हर्षदानं कॅलेंडरवर तिसऱ्या आठवड्याचा शेवटचा दिवस पेन्सिलीनं गोल केला. पाच हजारांच्या वर गेला तर तारण सुटून नाव परत गिताबाईंचं, खाली राहिला तर फळ्यावर ज्याच्या नावे जे असेल त्याचं. पाळण्यातलं नाव त्या घडीला बन्सी मुकादमाकडं होतं. त्याच्या चारही गाढवांची नावं तिला माहीत होती. तरीसुद्धा नाव मिळेल, एवढ्यावर ती खूश होती. बन्सीच्या बायकोच्या कानाशी लागता आलं असतं.

तिसऱ्या आठवड्यात झालेली चूक तांत्रिक होती. तोवर मंडळाची सभासदसंख्या अकराशेवर गेली होती. वर जाणार म्हणणारे आणि खाली राहणार म्हणणारे, दोघेही रोज सकाळपासून टॉकीजच्या आवारात हजर असत. पण ते तिकिटासाठी आलेले नसत. पुढच्या चित्रपटाचं पोस्टर आवारातच लागलं होतं, आणि त्याचे दात फार चांगले होते. बाकीच्या जनतेनं तिकीट काढायचं, असं दोन्ही बाजूंनी गृहीत धरलं होतं. बाकीची जनता उरलेली नव्हती. तिकीट फाडणारा माणूसही सभासद, तोही टॉवेल घेऊन बाहेर. खिडकी सात दिवस बंद. आत प्रोजेक्टर तेवढा चार वेळा इमानदारीनं सुरू होत होता आणि नायक रिकाम्या खुर्च्यांपुढं न्याय मागत होता.

तिसऱ्या आठवड्याची तिकिटं : शून्य.

शून्य म्हणजे पाच हजारांच्या खालीच, असं हर्षदाला वाटलं. चौथी पास झालेल्या कुणालाही तसं वाटलं असतं. पण शलमोन सर नियमांचे पक्के. त्यांनी नियम चौदा वाचून दाखवला : ‘ज्या चित्रपटाच्या निकालाच्या आठवड्यात एकही तिकीट फाडलं गेलेलं नाही, तो लागला असं समजू नये.’ म्हणजे ‘तुफान का तबादला’ अजून लागलाच नव्हता. तो पुन्हा आगामी झाला. चित्रपटाची पेटी त्याच सकाळी एस.टी.च्या टपावरून पुढच्या गावी गेली होती आणि परत येण्याचा संभव नव्हता, त्यामुळे त्याच्या आगामीपणाला यापुढं कधीच धोका नव्हता. भाव इतिहासात सर्वांत वर गेला. पेढे वाटले.

संपत पेढे घेऊन घरी आला. “आता ह्यो माल कवाच पडत न्हाई,” तो म्हणाला.

हर्षदानं पेढा घेतला नाही.

दोन दिवसांनी मुलीला नऊ महिने पूर्ण झाले. गोवराच्या लशीचा वार होता. दवाखान्यात ग्रेस सिस्टर होत्या. आवाज कडक, हात हलका. त्यांनी कार्ड उघडलं.

“नाव?”

“बाळ संपत.”

“ते दीड महिन्यापर्यंत ठीक होतं. आता दात आलेत तिला. नाव काय?”

“नाव अजून आगामी हाय, सिस्टर.”

“आगामी? कुणाकडं?”

“मंडळाकडं.”

ग्रेस सिस्टरनी पेन खाली ठेवलं. “बाई, सुई मंडळाला टोचायची का पोरीला?”

मागं रांग होती. कुणाचंतरी पोर रडत होतं, कुणीतरी “चला की लवकर” म्हणत होतं. हर्षदानं मुलीकडं बघितलं. मुलीनं एक भुवई उडवली. तेव्हा हर्षदानं तिला उचलून तोंडाजवळ घेतलं, कानात कुर्र केलं, जे आत्यानं करायचं असतं, आणि नऊ महिने गिळलेलं नाव तिच्या कानात सोडलं. मुलगी ऐकत राहिली. हसली नाही. आईचं बोट धरून ती इतकी गंभीर झाली, की हर्षदाच्याच डोळ्यांना पाणी आलं. मग हर्षदानं तेच नाव सिस्टरना सांगितलं. सिस्टरनी ठळक अक्षरात लिहिलं, म्हणाल्या, “छान आहे,” आणि सुई टोचली. मुलगी रडली. नाव मिळाल्यावर लगेच रडावं लागलेली ती काही पहिलीच नव्हे.

रविवारी हर्षदा मुलीला कडेवर घेऊन, कार्ड हातात धरून, मंडळात गेली. मंडळात पाऊल टाकणारी ती दुसरी बाई (पहिल्या गिताबाई, त्या समोरच बसल्या होत्या).

“मी नाव ठिवलं,” ती म्हणाली.

टॉवेलाखालची बोटं थांबली.

“आरं द्येवा! आन् माझा मान?” गिताबाई म्हणाल्या.

“वन्सं, तुमचा मान मी न्हाई मोडला. त्यो तुमीच फळ्यावर टांगला व्हता. नऊ म्हयने खाली उतरायची वाट बगितली मी.”

म्हस्कू पुढं झाला. “वैनी, म्हंजी ठिवलं? कार्डावर लिवलं? शिक्का बी?”

“शिक्का बी.”

“म्हंजी लागला म्हणायचा.”

शलमोन सर उठले, ओला फडका घेतला आणि ‘आगामी’ पुसून टाकलं. नियमच होता. तिन्ही हिस्से चार मिनिटांत शून्यावर आले. रूममालक सरळ उठून चालता झाला, आणि त्या दिवसापासून त्यानं मुलीकडं बघणं बंद केलं. गिताबाईंचा राग फळा वाळायच्या आत ओसरला. शून्य भावाच्या गोष्टीवर किती वेळ रागावणार?

हर्षदा कार्ड उघडून उभी होती. आता कुणीतरी विचारेल, काय ठेवलं? ती सांगणार होती. नऊ महिने तिला तेवढंच सांगायचं होतं. आबा उठून जवळ आले. तिला वाटलं, आजोबा विचारतील. आबांनी नातीचा ओठ अंगठ्यानं वर केला. “दोनदाती झाली की,” ते म्हणाले आणि परत जागेवर जाऊन बसले.

तोवर संपतनं खडू घेतला होता. फळ्याच्या पुसलेल्या, अजून ओल्या जागेवर त्यानं लिहिलं : ‘संपत–हर्षदा : दुसरं अपत्य (मुलगा)’. बारा मिनिटांत सगळे हिस्से खपले. नाव ठेवायचा मान गिताबाईंनी पहिला नंबर लावून उचलला. हर्षदाला कुणी विचारलं नाही. चित्रपटाचा सौदा करताना टॉकीजला विचारायची पद्धत नाही.

तिनं कार्ड मिटलं, मुलीला पदरात घेतलं आणि ती स्टँडाकडं चालायला लागली. वाटेत तिनं मुलीला नावानं हाक मारली, उगाचच, मोठ्यानं. मुलीनं मान वळवली.

आता ते नाव इथं छापायला काही हरकत नव्हती. पण छापलं, की ते लागलं. आणि लागलेल्या गोष्टीचं आपण काय करतो, हे आपल्याला ठाऊकच आहे. शिवाय वाचता वाचता आपण दोन-तीन नावं मनाशी धरून ठेवलीच असतील. तेवढ्यावर मंडळाचं सभासदत्व आपोआप मिळतं, फी नाही. आणि शेवटून तिसरा परिच्छेद वाचताना, दुसऱ्या वेळी तरी मुलगा व्हावा की नाही याचा जो अंदाज आपल्या मनात पटकन येऊन गेला, तो शलमोन सरांनी आपल्या नावे नोंदवून घेतला आहे. तारण कोणता मान ठेवताय, तेवढं कळवावं.